शंभर ग्रॅमचं पितळी वजन

तिनं गुलाबी वजनकाटा उचलला आणि मागून आवाज आला, "तो नको..."

तिनं वळून पाहिलं. दुकानातला मोठा काटा उघडून एक तरुण जमिनीवर बसला होता. कानामागे पेचकस खोचलेला, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, आणि नजर थेट तिच्यावर.

"का? तुम्हाला हवाय?"

"मला? छे! काटे दुरुस्त करतो मी. गल्लीच्या टोकाला माझं दुकान आहे. तुम्हाला कशासाठी हवाय?"

'तुम्हाला काय करायचंय' हे अगदी ओठांवर आलं होतं. पण डोळे भारी प्रामाणिक होते हो त्याचे! तिनं सांगून टाकलं. बाबांच्या रक्तातली साखर वाढली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, भात एका वेळी दीडशे ग्रॅम, वर एक घास नाही. महिन्यानं तपासणी. तोवर साखर उतरली नाही, तर रोज सुई टोचून घ्यायची. आणि सुईचं नुसतं नाव काढलं, तरी तिचे सहा फुटी बाबा पांढरेफटक पडायचे.

"मग रंग बघून नाही चालायचं," तो उठला. खिशातून त्यानं मखमली कापडाची पुडी काढली. आत एक पितळी वजन होतं, शंभर ग्रॅमचं. किती चकचकीत! तिनं हात पुढे केला, तर त्यानं पुडी मागे ओढली.

"अंहं! बोट नाही लावायचं. बोटाचा घाम, तेलकटपणा... त्यानं हळूहळू वजन चुकायला लागतं. सात वर्षांत मीसुद्धा लावलेलं नाही."

"वजनाला एवढं जपता? मग माणसांना किती जपत असाल!"

त्याचे कान लाल झाले. तिला फार मजा वाटली.

त्यानं कापडातच धरून ते वजन गुलाबी काट्यावर मधोमध ठेवलं. शंभर. मग कोपऱ्यात ठेवलं. त्र्याण्णव!

"पाहिलंत? भात काही बरोबर मध्ये बसत नाही."

दुसरा काटा नेमका होता, पण वाडगा ठेवला की आकडेच झाकले जायचे. "रोज मान वाकडी करून वाचणार का?" तिसरा साधा, राखाडी. मध्ये शंभर, चारी कोपऱ्यांत शंभर.

"हा घ्या. आधी रिकामा वाडगा ठेवायचा आणि हे बटण दाबायचं. तो वाडग्याचं वजन विसरतो आणि नुसता भात मोजतो."

"विसरतो? गुणी आहे बिचारा."

"विसरण्यावरून आठवलं..." तो हळूच म्हणाला, "गळ्यात टेप राहिलीय तुमच्या."

शिवण टाकून तशीच आली होती ती! आता तिचे कान लाल झाले.

चार दिवसांनी ती त्याच्या दुकानाच्या पायरीवर उभी. "तुमचा काटा खोटं बोलतो! तोच बटाटा, दर वेळी वेगळा आकडा."

"ठेवता कुठे?"

"कापड बेतायच्या टेबलावर. वर जाड लोकरी पांघरूण आहे."

"तरीच! काटा टणक जागी ठेवायचा. मऊ गादी मिळाली की तोही आळसावतो."

ती हसली. मग एकदा सेल बदलून घ्यायला आली, एकदा सेल बरोबर बसलाय ना हे विचारायला...

पण पंधरा दिवसांनी दवाखान्यात पाहिलं, तर साखर जागची हललेली नव्हती. या खेपेला त्याच्या दारात ती हसली नाही. "रोज मोजूनच जेवतात हो... मग काय चुकतंय?"

रविवारी दुपारी तो पितळी वजन घेऊन घरी आला. काटा बिनचूक निघाला.

"काका, रोज कसं वाढून घेता, दाखवता का?"

बाबांची नजर छताकडे गेली. मोजायचं काम तेच करायचे. 'तू दमतेस, चिमणे' म्हणायचे! ओट्यावर दोन निळे वाडगे होते, दिसायला जुळे भाऊ. त्यानं दोन्ही हातांत घेऊन पाहिले. एक जाड चिनी मातीचा, एक पिसासारखा हलका, प्लास्टिकचा.

"काका, तुम्ही सांगता की मी सांगू?"

बाबांनी मान खाली घातली. जड वाडगा ठेवून बटण दाबायचं, मग तो काढून हलका ठेवायचा आणि दीडशे दिसेपर्यंत भात वाढत राहायचं. दोन वाडग्यांच्या वजनात जेवढा फरक, तेवढा भात जास्त. रोजचा एकशेवीस ग्रॅम भात फुकटात!

"बाबा!" तिचे डोळे भरून आले. "मी इथे रोज देव पाण्यात घालून बसलेय, आणि तुम्ही..."

"भूक लागते गं. चुकलंच माझं, हा कान पकडला. उद्यापासून तूच मोज." मग बाबांचा स्वर मिस्कील झाला. "पण चिमणे, काटा पहिल्याच दिवशी बरोबर ठरला असता, तर गल्लीच्या टोकाला इतक्या फेऱ्या मारल्या असत्यास? आणि फेरी झाली की मशीनवर गुणगुणणं ते केवढं!"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. तो मात्र तपासून झालेला काटा पुन्हा तपासत होता. उलटा धरून.

प्लास्टिकचा वाडगा त्याच दिवशी जप्त झाला. त्यात तिनं बटणं भरली.

महिना संपला. तपासणीचा कागद मुठीत घेऊन ती पळत सुटली. निम्म्या वाटेवर पाय थबकले. काटा चांगला, सेल चांगले. आता सांगायचं काय? छाती शिलाई मशीनसारखी धडधडत होती. परत फिरावं? ...छे! ती तडक आत शिरली.

"काटा बिघडला?"

"नाही."

"मग टेबल..."

"टणक आहे."

"आणि काका?" त्याचा आवाज बारीक झाला.

"टळली! सुई टळली!"

त्यानं आनंदानं टाळी वाजवली.

"मग... आज काय बिघडलंय?"

"काहीच नाही," ती म्हणाली. "काही बिघडलेलं नसताना आलेय. तुम्हाला भेटायला."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं मखमली पुडी उलगडली, पितळी वजन उचललं, चक्क उघड्या बोटांनी, आणि तिच्या तळहातावर ठेवलं.

"अहो! बोटं लागली! सात वर्षं जपलेलं..."

"लागू देत."

"चुकेल ना आता!"

"चुकू दे. कामाला मी दुसरं घेईन. हे तुमच्याकडे राहू दे. मी रोज येईन बघायला... किती चुकलंय ते."

तिनं मूठ मिटली. गार पितळ हळूहळू ऊबदार झालं.

"या," ती म्हणाली. "पण भात दीडशे ग्रॅमच मिळेल हं. आमच्या घरचा नियम आहे."

"चालेल की," तो हसला. "वाडगा तेवढा मी काकांना विचारून आणतो."