पावणेदोनची नोंद

जिना चढताना तपासनीस बाई दोनदा थांबल्या. दोन्ही वेळा कारकुनाला वाटलं, यांना काहीतरी सुगावा लागला. बाई फक्त दम खात होत्या.

"या महिन्यातली ही नववी संस्था," त्या म्हणाल्या. "आठ ठिकाणी लोकांनी खरंच सरकारी पैशावर प्रचार केला होता. आता कुणी खोटं बोललं तर रागसुद्धा येत नाही हो. नुसती जांभई येते."

कारकून अनुदान कार्यालयातला. निवडणुकीच्या दिवसांत तक्रारी ढीगभर आणि माणसं मोजकी, म्हणून कार्यालय असली कामं या खाजगी तपासनीस बाईंकडे सोपवायचं आणि सोबत कारकुनाला धाडायचं. आज त्याच्या फायलीत अनुदान थांबवण्याचा हुकूम टाइप होऊन तयार होता. पाच वाजेपर्यंत बाईंची सही झाली की छत्तीस मुलांचं हे पाळणाघर सोमवारपासून बंद, आणि छत्तीस आयांनी कामावर कसं जायचं ते त्यांचं त्यांनी बघायचं.

दार मोठ्या बाईंनी उघडलं. पाळणाघर चालवणाऱ्या त्याच. कडेवर एक मूल, पदराला दुसरं, आणि डोळ्यांखाली रात्रभराचं जागरण.

"मी छापलेलं नाही," त्या बसायच्या आधीच म्हणाल्या. "पण माझ्याकडे पुरावा नाही."

पुरावा विरुद्ध बाजूला भरपूर होता. झेरॉक्स मशीन आणि कागद, दोन्ही अनुदानातले. काल, गुरुवारी संध्याकाळी संस्थेच्या विश्वस्तांना खेळण्याच्या खोलीत एका उमेदवाराच्या पत्रकांचा पाचशेचा गठ्ठा सापडला होता; तक्रार त्यांचीच. मशीनच्या वहीत नोंद होती: मंगळवार, दुपारी पावणेदोन, पाचशे प्रती. त्याआधीची नोंद गेल्या शुक्रवारची. मशीनवरचा आकडाही बरोबर पाचशेनं वाढलेला.

"वहीत नुसते आकडेच," कारकून म्हणाला. "अक्षर ओळखायचं म्हटलं तरी कशावरून?"

"गठ्ठा कुठे होता?"

मोठ्या बाईंनी खेळण्याच्या खोलीतलं उघडं फडताळ दाखवलं. सगळ्यांत खालचा कप्पा, जमिनीपासून वीतभर वर. वरच्या कप्प्यांत औषधं, कागद, कात्र्या. खाली चेंडू, ठोकळे आणि एक कान तुटलेला ससा.

कारकुनानं फाइल मुलांच्या वीतभर उंच बाकावर ठेवली आणि गठ्ठा हातात घेतला. पत्रकं कोरी करकरीत, कोपरे सरळ. "जणू आत्ताच दुकानातून आणली," तो म्हणाला, आणि मागे वळला तर एक दीड वर्षाची मुलगी हुकमाचा कोपरा मन लावून चघळत होती.

"अगं ए भवाने, सरकारी कागद आहे तो!"

मुलीनं त्याच्याकडे पाहिलं, विचार केला आणि दुसरा कोपरा तोंडात घातला.

तपासनीस बाई कित्येक दिवसांनी हसल्या. ओला हुकूम वाळवायला त्यांनी खिडकीत ठेवला.

स्वयंपाकाच्या मावशी डाळ ढवळता ढवळता बोलल्या. "सकाळी आठला येते. सहाला शेवटचं पोर गेलं की फरशी पुसते आन् साडेसहाला घरी. राजकारणाचं म्हणाल तर मला माझ्या घरातलं मत पडत नाही, बाहेरचं कुठून पडायचं?"

"विश्वस्त नेहमी येतात?"

"महिन्यातून एकदा, तेही आम्ही सगळ्या गेल्यावर. मागल्या महिन्यात मात्र माझ्यादेखत आले. टेप घेऊन खोली मोजली. म्हणाले, नवीन चटया आणतो. कसल्या चटया न् कसलं काय!"

एक वाजता मुलं झोपली आणि घराचा आवाजच गेला. मोठ्या बाई अनवाणी चालू लागल्या. मावशींनी फोनवर उशी ठेवली. दाराच्या घंटीला फडकं गुंडाळलेलं कारकुनाला आता दिसलं. झोपायची खोली आणि मशीन यांच्यामध्ये एक पातळ फळी, बस्स.

तेवढ्या शांततेत तपासनीस बाईंनी जिन्यात जाऊन जागेच्या मालकाला फोन केला. परत येऊन कुजबुजल्या, "पाळणाघर गेलं तर एक तारखेपासून ही जागा कुणीतरी आधीच मागून ठेवली आहे. प्रचार कार्यालयासाठी, पत्रकातल्या उमेदवाराच्या विरुद्ध पक्षाच्या. नाव सांगायला मालक तयार नाही."

पावणेदोनला कारकुनाच्या मनात आलं, मशीन चालतं तरी का बघू. त्यानं बटण दाबलं. मशीन आधी कण्हलं, मग खडखडलं, मग दगडी जातं फिरावं तसं घरघरलं. फळीपलीकडे एक रडणं उठलं. मग दुसरं. मग सगळंच घर रडायला लागलं.

"कुणाला अवदसा आठवली ही?" मावशी पळी घेऊन धावत आल्या. "एकदा उठली की तीन वाजेपर्यंत आवरत नाहीत हो!"

कारकून एका मुलाला खांद्यावर घेऊन पाऊण तास येरझाऱ्या घालत राहिला. तपासनीस बाईंनीही एक उचललं होतं.

चारला हिशेबनीस आला. बारीक, घाबरलेला माणूस.

"दिवसा दुसरीकडे नोकरी करतो, चार ते सहा इथे. काल आलोच नाही, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. बुधवारी सहाला टेबल आवरून गेलो तो आजच उगवतोय."

"चाव्या कुणाकडे?"

"मोठ्या बाई, मी आणि विश्वस्त साहेब."

कारकून तपासनीस बाईंच्या कानाशी लागला. "हाच. वही याच्याच टेबलावर असते."

"तुमचं नेहमी अर्धं बरोबर असतं," बाई म्हणाल्या. "म्हणून तर तुम्हाला सोबत नेते."

साडेचारला विश्वस्त आले. इस्त्रीचे कपडे, वाजणारे बूट. "मला आनंद नाही हो हे करताना. पण जनतेचा पैसा! काल पावणेसातला सहज पाहणीला आलो तर समोर गठ्ठा. कधी छापलं ते उघडच आहे. दुपारी मुलं झोपली की बाईंना तास-दोन तास मोकळे. उरकलं असणार."

तपासनीस बाईंनी खुर्ची ओढली. ती मुलांची होती; गुडघे छातीला टेकले. तशाच त्या बोलू लागल्या.

"साहेब, तुम्हाला मुलं?"

"दोन. का?"

"सांभाळली कुणी?"

"म्हणजे काय? त्यांच्या आईनं."

"तेच वाटलं. मूल झोपलं की आई मोकळी, हे फक्त मूल न झोपवलेल्या माणसाला वाटतं. या घरात एक ते तीन कुणी शिंकत नाही. त्या वेळी मशीन लावलं तर काय होतं ते आज आमच्या कारकुनांनी स्वतःच्या खांद्यावर भोगलंय. इथे दुपारी असणारी कुठलीही बाई चोरून छापायला पावणेदोन ही वेळ निवडणार नाही, आणि खोटी नोंद करायची झाली तरी तिच्या डोक्यात ती वेळ येणार नाही. मोठ्या बाई सुटल्या, मावशी सुटल्या. राहिले दुपारी इथे कधीच नसणारे दोघं."

हिशेबनीस पांढराफटक पडला.

"हा नाही," बाई म्हणाल्या. "गठ्ठा वीतभर उंचीवर होता. माझा हुकूम त्याच उंचीवर पाच मिनिटं राहिला तर त्याचे दोन कोपरे गेले. गठ्ठा मंगळवारी ठेवला असता, अगदी बुधवारी सहाला जाताना यानं ठेवला असता, तरी गुरुवारचा अख्खा दिवस तो छत्तीस तोंडांसमोर होता. एका पत्रकाला दाताचा ओरखडा नाही, खडूची रेघ नाही. म्हणजे काल सहाला मुलं गेल्यानंतर तो तिथे आला. काल हा इथे नव्हता. साडेसहाला मावशी गेल्या. नंतर चावी घेऊन आलात तुम्ही."

"मी कशाला माझीच संस्था बुडवीन?"

"न येणाऱ्या चटयांसाठी जी खोली मोजलीत तिच्यासाठी. मालकानं मला नाव सांगितलं नाही. कार्यालयाचं पत्र गेलं की सांगेल. सरकारी कागदावर प्रचाराची पत्रकं छापली गेली, ही तक्रार खरीच आहे, साहेब. छापणाऱ्याचं नाव तेवढं तुम्ही चुकीचं दिलंत."

"पाळणाघर काय, कुठेही चालतं," विश्वस्त एवढंच म्हणाले आणि बूट वाजवत निघून गेले.

तपासनीस बाईंनी हुकमावर आडवी रेघ मारून खाली लिहिलं: अनुदान चालू ठेवावे. विश्वस्तांची चौकशी व्हावी.

मोठ्या बाईंनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि आभार मानायचं विसरून भिंतीला टेकून खालीच बसल्या.

इतक्यात चघळणाऱ्या मुलीची आई आली. शिवणकारखान्यातून थेट, केसांत धाग्यांचे तुकडे.

"सोमवारी नेहमीसारखी आणा हो हिला," कारकून उत्साहानं म्हणाला. "काही बंद होत नाहीये!"

ती हसली नाही. "काम सोडूनच आले मी. सगळीकडे बोलत होते, पाळणाघर गेलं म्हणून. मुकादम म्हणाला, सोमवारी येणार नसशील तर आजच सांग, दुसरी बघतो. सांगितलं."

लेकीनं आईच्या केसांतला एक धागा ओढून काढला.

तपासनीस बाईंनी गुडघ्यावर हात टेकला आणि कारकुनाच्या आधारानं उठल्या. दिवसभरात त्यांचा घोटा सुजला होता.

"कारखाना सुटतो कधी?"

"सहाला. पण ताई, तो ऐकायचा नाही."

"न ऐकणाऱ्यांशी बोलणं हाच माझा धंदा आहे," बाई म्हणाल्या आणि पायांनी चपला चाचपू लागल्या. "कारकून, तो कागद घ्या बरोबर. आणि पोरीला तुम्ही उचला, हिच्या आईला चालून दम लागलाय. चला, अजून तासभर आहे."