डाव्या हाताचा लॅपटॉप

ज्योत्स्ना अमरावतीहून मावशीकडे अकोल्याला आली आणि मोबाइल चार्ज होईना, म्हणून जुन्या शहरातल्या अनुप नावाच्या तरुणाच्या दुरुस्तीच्या दुकानात शिरली. अनुपचं तावातावानं भांडण चाललं होतं... समोरच्या लॅपटॉपशी.

लॅपटॉप होताच तसा नमुनेदार. पंचवीसेक वर्षांपूर्वीचा, फायलीसारखा उघडणारा. उजवीकडे स्क्रीन आणि कीबोर्ड, डावीकडे चक्क कागदाचं पॅड. त्यावर खास पेनानं लिहिलं की तीच अक्षरं स्क्रीनवर उमटायची.

"भंगारातून आणला, चालू केला," अनुप वैतागून म्हणाला, "पण कंपनीनं उलटाच बनवला ना जी. लिवाले गेलं का हात कीबोर्डावर पडते."

"सरका जरा." ज्योत्स्नानं पेन डाव्या हातात घेतलं आणि झोकात आपलं नाव लिहिलं. स्क्रीनवर तेच वळण उमटलं. "उलटा नाही हा. आमच्यासारख्या डावऱ्यांचा आहे."

अनुपनं स्क्रीनकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिथंच अडकला.

"मी मोबाइल दाखवाले आली होती," तिनं हसू दाबत आठवण करून दिली.

मोबाइल लगेच सुधारला. तरी "शनवारी एकदा दाखवून जा," असं तो म्हणाला, आणि तिनंही का, ते विचारलं नाही. पुढं दर शनिवारी तिला मावशीची आठवण येऊ लागली. भाचीला एवढा मायेचा उमाळा कुठून आला, हे मावशीला काही कळेना.

एका शनिवारी मात्र ती आली ती गप्पच.

"काहून, काय झालं?"

"उद्या मले पाहाले मूर्तिजापूरचे पाहुणे येऊन राहिले." ती पेनाशी चाळा करत होती. "आधीच्या दोघांनी नाही म्हटलं. पोरगी डाव्या हातानं चहा देते म्हणे. आईनं आठवडाभर उजव्या हातानं कप द्यायची प्रॅक्टिस करून घेतली."

सांगताना ती हसली, पण डोळे भरून आले. तिला आयुष्यभर हात लपवायचा नव्हता. आणि अनुपनं काहीतरी बोलावं, असं तिला फार वाटत होतं.

एरवी लॅपटॉपशीही भांडणारा अनुप हातातलं काम ठेवून तिच्या शेजारी येऊन बसला.

"उद्याचं निभावशीन," तो म्हणाला. "मंग जन्मभर काय करशीन?"

"तूच सांग."

"मी दुरुस्तीवाला माणूस... पण तुह्या हातात दुरुस्त कराले काहीच नाही, येवढं समजते मले." त्याचे कान लाल झाले होते. "तू मले लय आवडते, ज्योत्स्ना. पाहुण्यांच्या आधी मी येऊ का घरी? आजच... तुह्या आईले विचाराले?"

शेजारी बसलेल्या अनुपकडे न बघता तिनं पॅडवर लिहिलं. त्यानं स्क्रीनवर वाचलं — 'अमरावतीच्या पुढच्याच गाडीनं चल.'

ती डावीकडे, तो उजवीकडे. पेन तिच्या डाव्या हातात होतं. उजवा मोकळाच होता. अनुपनं तो हळूच हातात घेतला.

आठवडाभर कप धरून कंटाळलेल्या त्या हाताला पहिल्यांदाच मनासारखं काम मिळालं होतं.