झाकणाच्या आतल्या तारखा

"हलवू नका, मॅडम. दुखेल त्याला."

शहापूरच्या भर बाजारात, एसटीतून उतरून दहा पावलंही झाली नसतील, तोच दिपिकाच्या मनगटावरचं घड्याळ बंद पडलं होतं. ती ते कानाला लावून खुळखुळ्यासारखं हलवत होती. आवाज आला तशी तिनं मान वर केली. समोर एका जिन्याखाली चिंचोळं दुकान होतं आणि काउंटरमागे एक तरुण बसला होता. एका डोळ्यावर काळं भिंग, आणि दुसरा डोळा... दुसरा सरळ तिच्यावर.

भिंगाआडचा डोळा नेमका कुठं बघतोय ते कळत नव्हतं. म्हणजे माणूस जपूनच घेतलेला बरा, असं दिपिकानं तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

तसं तिला कुठल्याही माणसाबद्दल असंच वाटायचं. दोन वर्षांपूर्वी तिच्या ताईचा, मीनाचा साखरपुडा झाला आणि महिन्याभरानं कळलं, की नवरदेव ज्या कंपनीत साहेब होता ती कंपनीच कुठं नव्हती. मीना दुसरीकडे सुखात नांदू लागली, विसरूनही गेली. संशय मात्र धाकटीला चिकटला तो चिकटलाच. दिपिका दूध हुंगून घ्यायची, सुटे पैसे दोनदा मोजायची, आणि कुणी गोड बोललं की पर्स काखेत घट्ट धरायची.

आताही तिनं पर्स घट्ट धरली.

"ओ दादा, दुरुस्त होईल का?"

"बघू दे तरी." त्यानं घड्याळ तळहातावर घेतलं आणि भिंग काढलं. "चावीचं आहे! कुणाचं?"

"आईचं. का?"

"सहज इचारलं."

सहज कुणी काही विचारत नसतं, हे दिपिकाला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं सांगितलं. तिची आई गिरजा तीस वर्षं किन्हवलीच्या आसपासच्या पाड्यांवर नर्स म्हणून फिरली, आणि याच घड्याळाच्या सेकंदकाट्यावर तिनं हजारो नाड्या मोजल्या. आता दिपिका नर्स झाली होती. एक डिसेंबरला, सोमवारी, मुरबाडच्या एका हॉस्पिटलात तिची पहिली ड्युटी होती. आईनं घड्याळ तिच्या हातावर बांधलं खरं, पण ते मागं पडायला लागलं होतं आणि आज तर थांबलंच. नर्सच्या हातातलं घड्याळ मागं पडून कसं चालेल? नाडी चुकली की पुढचं सगळंच चुकलं. तेव्हा हे दुरुस्त करायचं की सरळ नवीन घ्यायचं, एवढाच प्रश्न होता, आणि हातात बरोबर एक महिना होता.

"ते दाखवा." तिनं काचेतल्या नव्या घड्याळाकडे बोट केलं. पांढरी तबकडी, मोठे आकडे, लाल सेकंदकाटा.

"हे? हे बॅटरीवालं. बॅटरी संपली की गप्प."

"आणि हे चावी संपली की गप्प."

"चावी आपल्या हातात असते, मॅडम." तो हसला. "जुनंच ठेवा. असलं मशीन आता मिळत नाय."

आपल्याच दुकानातलं नवं घड्याळ विकायला नको म्हणणारा दुकानदार दिपिकानं जन्मात पाहिला नव्हता. नक्की काहीतरी भानगड होती. निघताना आईनं बजावलं होतंच, "डोळ्यांदेखत उघडायला लाव गो. नायतर आतलं मशीन काढून घेतात आणि भलतंच बसवतात." ती स्टुलावर ठाण मांडून बसली.

"माझ्यासमोर उघडा."

"बरं."

त्यानं झाकण उघडलं तसा तिनं मोबाइलवर आतल्या चाकांचा फोटो काढला.

"फोटो कशाला?"

"आठवण म्हणून."

फोटो साफ हलला होता. पण ते त्याला कळू द्यायचं कारण नव्हतं. त्यानं तेल दिलं, स्प्रिंग बदलली, शेवटी झाकणावर वाकून टोचणीनं आतून काहीतरी खरवडलं आणि घड्याळ बंद केलं. काय खरवडलं ते तिला दिसलं नाही. विचारलं तर म्हणाला, "आमची पद्धत आहे." संशयाच्या यादीत आणखी एक भर पडली. मग त्यानं घड्याळ आठ दिवस ठेवून घेतलं, चाल बघायला. पावती लिहिताना खाली सही केली... भगीरथ.

पुढच्या शनिवारी ती आली.

"जरा मागं पडतंय," भगीरथ म्हणाला. "परत उघडावं लागेल."

"माझ्यासमोर."

"मग काय! तुमच्या पाठीमागं उघडायची माझी छाती आहे का?"

अर्धा तास तो भिंग लावून वाकून राहिला. त्या अर्ध्या तासात त्यानं तिला विचारलं, की नर्सला रक्त बघून चक्कर येत नाही का. तिनं विचारलं, की त्याला त्या एवढ्याशा चाकांचा कंटाळा येत नाही का. तो म्हणाला, "आमच्या खर्डीकडं डोंगरात पोरं गुरं राखतात. चुकलेलं वासरू शोधायला रान तुडवायला लागतं. मला इथं सगळं एका झाकणात सापडतं." दिपिकाला हसू आलं. ते तिनं ओढणीच्या टोकात लपवलं, कारण हसवणाऱ्या माणसावर तर मुळीच विश्वास ठेवायचा नसतो.

तिसऱ्या शनिवारी थंडी पडली होती. "थंडीत तेल बसायला वेळ लागतो," तो म्हणाला आणि झाकण उघडलं. त्यानं शेजारून चहा मागवला होता, दोन कप. ती कप हुंगून प्यायली. तो ते बघत होता.

"काय टाकलंय वाटलं तुमाला?"

"साखर जास्त आहे."

"मग पुढच्या वेळी कमी सांगतो."

"पुढच्या वेळी?" तिनं भुवई उंचावली. "म्हणजे आजही होणार नाय तर!"

तो नुसताच कानापर्यंत लाल झाला. आणि हो, आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. सगळा तालुका नर्सला सिस्टर म्हणतो. किराणावाला म्हणतो, कंडक्टर म्हणतो, सत्तर वर्षांचे आजोबासुद्धा म्हणतात. हा बाबा मात्र मॅडमच्या पुढे जायला तयार नव्हता. आणि ती? पहिल्या दिवशीचं "ओ दादा" तिच्याही तोंडून पुन्हा निघालं नव्हतं. ते का, याची चौकशी तिनं केली नाही.

चौथ्या शनिवारी काट्याचं कारण निघालं. पाचव्या शनिवारी, एकोणतीस तारखेला, त्यानं पुन्हा झाकण उघडलं, वाकला, खरवडलं, बंद केलं आणि म्हणाला, "अजून आठ दिवस ठेवता आलं तर—"

"परवा माझी ड्युटी आहे!" दिपिका उठूनच उभी राहिली. "झालं असेल-नसेल, द्या इकडं. चालतंय ना?"

"चालतंय."

"बरोबर?"

भगीरथनं घड्याळ तिच्या तळहातावर ठेवलं आणि हात जरा उशिरानंच मागं घेतला.

घरी येऊन तिनं घड्याळ कानाला लावलं. पूर्वी कसा ठणठणीत आवाज यायचा. लहानपणी आईच्या कुशीत तो ऐकतच ती झोपायची. आता आवाज हलका होता, मऊ. मशीन बदललं! पाच शनिवार समोर बसवून, चहा पाजून, मधल्या आठ दिवसांत कधीतरी आईचं मशीन काढून घेतलं! रागापेक्षा रडू जास्त येत होतं, आणि ते घड्याळासाठी नव्हतं हे तिला स्वतःशी कबूल करावं लागलं. तो माणूस खोटा निघायला नको होता. बस, एवढंच तिला हवं होतं.

रविवारी सकाळी पहिल्या एसटीनं ती मुरबाडला गेली. आई वर्षानुवर्षं ज्यांच्याकडे हे घड्याळ न्यायची, ते देवजीकाका तिथं बाजारामागं राहायचे. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी दुकान बंद केलं होतं, पण नजर शाबूत होती. त्यांनी ओटीवर बसून झाकण उघडलं, भिंग लावलं आणि बराच वेळ पाहिलं.

"मशीन बदललंय ना, काका?"

"स्क्रूसुद्धा बदललेला नाय. स्प्रिंग तेवढी नवी, बाकी सगळं तुझ्या आईचंच हाय."

"मग आवाज?"

"साफ झाल्यावर मशीन आरडाओरडा करत नाय गो." त्यांनी भिंग तिच्या हातात दिलं आणि झाकण उलटं धरलं. "हे बघ. आमची रीत असते. झाकण उघडलं की आत तारीख कोरायची आणि पुढं काम लिवायचं. म्हणजे पुढच्या कारागिराला समजतं. ह्या वरच्या माझ्या. खालच्या पाच भगीरथच्या. माझ्याच हाताखाली शिकलाय तो, खर्डीचा."

दिपिकानं डोळा बारीक केला. सुईच्या टोकानं कोरलेली अक्षरं, मुंगीएवढी. एक अकरा... तेल, स्प्रिंग. आठ अकरा. पंधरा अकरा. बावीस अकरा. एकोणतीस अकरा.

"पुढच्या चार तारखांसमोर काहीच नाय लिवलं."

"तेच मी बघतोय. म्हणजे उघडलं, बघितलं, बंद केलं. काम पयल्याच दिवशी झालेलं." काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "दुकानात आई जायची का तू?"

"...मीच."

"शनिवारी शनिवारी?"

"हो."

"मग घड्याळाला काय बी झालेलं नाय," देवजीकाका म्हणाले आणि दात नसलेल्या तोंडानं खदखदून हसले. "अरे भगीरथा! खोटं बोलायचं तर तारीख तरी कोरू नको ना!"

मुरबाडहून शहापूरकडे जाणाऱ्या एसटीत दिपिका खिडकीपाशी बसली होती. बाहेर खळ्यांवर भाताची झोडणी चालली होती, वाऱ्यानं भुसा खिडकीतून आत येत होता. ती रागावलेली होती. फसवलं होतं त्यानं. चार शनिवार! पण मग तिला चौथा शनिवार आठवला. घड्याळ काउंटरवर होतं, शेजारी तिचा मोबाइल होता, आणि अर्ध्या तासात दोघांमध्ये एका सेकंदाचाही फरक पडला नव्हता. तिनं ते पाहिलं होतं. चांगलं दोनदा पाहिलं होतं. आणि तरी तो "काटा अडतोय" म्हणाला तेव्हा ती गप्प बसली होती. दुधाच्या पिशवीवरची तारीखही उलटसुलट तपासणारी मुलगी इतकी गप्प कशी बसली? आयुष्यात पहिल्यांदा दिपिकाला स्वतःचाच दाट संशय आला.

दुकानात भगीरथ एकटाच होता. तिला बघून तो उठला आणि परत बसला.

"आज रविवार आहे," तो म्हणाला.

"तारखा मला कळतात." तिनं घड्याळ आणि शेजारी त्याचं सुटं झाकण काउंटरवर ठेवलं. "देवजीकाकांकडून येतेय."

तो त्या झाकणाकडे बघतच राहिला. पकडलेल्या माणसासारखा चेहरा झाला होता, पण मान खाली गेली नाही.

"काम एक तारखेला झालं होतं?"

"हो."

"मग चार वेळा का उघडलंत?"

"तुमी समोर बसायच्या..." तो अडखळला. "झाकण बंद केलं, की तुमी जाणार... म्हणून."

"म्हणजे खोटं बोललात."

"बोललो. चार वेळा."

"आणि तारीख का कोरलीत? कोरली नसती तर मला कधी कळलंच नसतं."

"ते कसं जमणार?" त्यालाच नवल वाटल्यासारखं तो म्हणाला. "झाकण तर उघडलं होतं ना."

ताईच्या त्या नवरदेवानं खोटी कागदपत्रं रंगवली होती. आणि हा... स्वतःच्या लबाडीची तारीखवार नोंद करून ती तिच्याच हातात देणारा! तिला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. तिनं दोन्ही आवरलं.

"आता शेवटचं खरं सांगा. उद्या सकाळी वॉर्डात कुठलं घालू? जुनं की नवीन?"

भगीरथनं आधी जुन्या घड्याळाकडे पाहिलं. मग त्यानं काचेतून ते लाल काट्याचं घड्याळ काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

"नवीन घ्या. जुनं बरोबर आहे आज, पण कधी चावी द्यायची राहिली तर पेशंटचं नुकसान. ह्याला काय बघायला लागत नाय." तो थांबला. "मला पयल्याच दिवशी सांगायला पायजे होतं. पण हे घेतलंत, की तुमाला परत इथं यायचं कारणच नाय."

पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात तिला काही हुंगावंसं वाटलं नाही. तिनं नवं घड्याळ मनगटावर बांधलं.

"हात द्या."

"काय?"

"हात. नाडी बघते. माणूस खरं बोलतो का, ते कळतं."

तसं काही कळत नसतं, हे कुठलीही नर्स सांगेल. पण त्यानं मुकाट्यानं हात पुढे केला. तिनं तीन बोटं टेकवली आणि लाल काट्याकडे पाहत राहिली. अर्ध्या मिनिटावर तिचा भरवसा नव्हता. तिनं पूर्ण मिनिट मोजलं. बाहेर रिक्षावाले ओरडत होते, कुणीतरी दुकानात डोकावून निघून गेलं.

"एकशे सोळा. बसल्या जागी!"

"शनिवारी असंच असतं," तो हळूच म्हणाला. "आजच्या रविवारी पयल्यांदा झालंय."

तिनं बोटं काढली नाहीत. नाडी मोजून झाली होती, हे दोघांनाही माहीत होतं.

"हे वॉर्डात घालीन," ती म्हणाली. "आईचं घरी घालीन, रोज चावी देईन. आणि तुमाला भेटायला येताना दोन्ही घरी ठेवून येईन."

भगीरथला ते समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा तिच्या बोटांखाली त्याची नाडी एकशे तीसच्या पुढे गेली.

"मग... टाइम कोण बघणार?"

"तुमी बघा," दिपिका म्हणाली. "एकदा भरवसा ठेवून बघते."