उजेड मास्तरांवर पडेना

माणूस जातो, छबी उरते. साम्राज्यं धुळीला मिळतात, पण प्रकाशाने टिपलेला क्षण अमर होतो. हे वाक्य फोटोमास्तरांनी उभ्या हयातीत असंख्य वेळा उच्चारलं, आणि दर वेळी ते ओळखपत्राचे चार फोटो मागणाऱ्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात आठ मारण्यासाठी होतं.

अशा मास्तरांची स्वतःची छबी मात्र घरात औषधालाही नव्हती. लेकीच्या पहिल्या वाढदिवसापासून लग्नापर्यंतचा एकूण एक फोटो त्यांनीच काढलेला. त्यामुळे फोटोंत सगळे होते. लांबचे मावसकाका होते, केक कापणाऱ्या कुणाचा तरी नुसता हात होता, शेजाऱ्यांचं मांजर तर दोनदा होतं. मास्तर नव्हते. आता लेकीनं नवं घर घेतलं आणि भिंतीवर लावायला आईबाबांचा एकत्र फोटो मागितला. नाहीच मिळाला तर एकट्या आईचा लावते, असंही सांगून टाकलं.

"लावू दे की माझा एकटीचा," बायको शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली. "खोटं कशाला? उद्या कुणी विचारलं, ह्या घरात नवरा राहत होता का, तर मी दाखवू काय? तुमच्या ट्रायपॉडचे पाय?"

"मी होतो म्हणूनच ते फोटो आहेत."

"विजेचा खांब असतो म्हणून घरात दिवा लागतो. त्याला कुणी जेवायला बोलावतं का?"

हे मास्तरांच्या जिव्हारी लागलं. आता साध्यासुध्या फोटोवर भागणार नव्हतं. लेकीच्या भिंतीवर आपण बाप म्हणून, नवरा म्हणून शोभून दिसलं पाहिजे. त्यांनी अख्खा प्रसंगच उभा करायचं ठरवलं: संध्याकाळची वेळ, घरचा कर्ता कामावरून आलाय, काहीतरी सांगतोय, आणि बायको चहा ओतता ओतता ऐकतेय. असा प्रसंग त्या घरात कधीच घडला नसल्यामुळे तो रचणं भाग होतं.

त्यांनी बाहेरच्या खोलीच्या खिडकीला काळं कापड लावलं. पुठ्ठ्यात चौकोन कापून तो मोठ्या दिव्यापुढे बांधला आणि भर दुपारी भिंतीवर मावळतीचं ऊन पाडलं. टेबलावर घडी मोडलेलं वर्तमानपत्र, किटली, दोन कप. जमिनीवर नुकतेच काढलेले बूट. ते नुकतेच काढल्यासारखे दिसावेत म्हणून मास्तर बराच वेळ मांडत होते.

राहिली एक अडचण. आपलाच फोटो काढायचा तर उजेड जुळवायला खुर्चीत दुसरं कुणीतरी लागतं. त्याला धंद्यात 'बदली' म्हणत. मास्तरांनी बायकोचा शिवणाचा पुतळा उचलला. तिच्याकडे जाकिटं शिवायला यायची, ती ह्या पुतळ्यावर बेतली जायची. कमरेपर्यंतचा, बिनहातांचा, बिनडोक्याचा. मास्तरांनी तो दांड्यावरून काढला, काखेत मारला आणि खुर्चीत बसवला. उशीच्या खोळीत चिंध्या भरून त्याचं डोकं केलं. त्यावर स्वतःचा चष्मा चढवला, अंगात स्वतःचा कोट घातला.

"जपून हं त्याला," बायको म्हणाली. "दिवसभर मी त्याच्याशीच बोलते."

"उत्तर देतो का?"

"मध्ये तोंड घालत नाही. तेवढं पुरतं."

कोट पुतळ्याला मास्तरांपेक्षा बरा बसला. ह्यात गूढ काही नव्हतं. पुतळ्याला पोट नव्हतं.

मास्तरांनी उजेड मोजायचा लाइट मीटर खोळीच्या गालाशी धरला. काटा हवा तिथे थांबला. मग त्यांनी बदलीला कोपऱ्यात ठेवलं, कोट-चष्मा स्वतः घातला आणि खुर्चीत बसले. बायको किटली घेऊन उभी राहिली. टायमर टिकटिकला आणि फोटो निघाला. कॅमेरा बायकोच्या मोबाइलला जोडलेला होता. फोटो तिथे उमटला.

कप झकास आले होते. बुटांच्या नाड्यासुद्धा मोजता येत होत्या. कोटाची कॉलर सोनेरी उन्हात न्हाली होती. कॉलरच्या वर काळोख होता.

"तोंड धुतलं होतंत ना?" बायकोनं विचारलं.

मास्तरांनी दिवा वर केला, खाली केला, जवळ ओढला. पुन्हा फोटो, पुन्हा काळोख. त्यांनी मीटर स्वतःच्या गालाला लावला. काटा जागचा हलला नाही. वैतागून ते कोपऱ्यातल्या पुतळ्याजवळ गेले, जिथे दिव्याचा एक किरणही पोचत नव्हता. काटा ताडकन उठला.

"मीटर बिघडला," मास्तरांनी जाहीर केलं. ते विवेकी गृहस्थ होते. खात्रीसाठी त्यांनी दिव्याच्या काचेला बोट लावलं. ह्या दिव्यानं आजवर दोन पडदे आणि एक मेहुणा भाजला होता. आज काच फरशीसारखी गार होती.

तपासून बघायला म्हणून त्यांनी बदलीला पुन्हा खुर्चीत बसवलं. कोट दिला, चष्मा दिला, फोटो काढला.

ऊन अगदी जिथे पडायला हवं तिथे पडलं होतं: कपाळावर, गालावर, नाकाच्या शेंड्यावर.

खोळीला नाक नव्हतं.

मास्तरांनी खुर्चीकडे पाहिलं. कापड, चिंध्या, गाठ. मोबाइलकडे पाहिलं. नाक होतं, भुवया होत्या, आणि आता बोलूच लागणार अशी ओठांची एक कड होती.

"सावल्यांचा खेळ आहे," ते म्हणाले. जरा मोठ्यानेच म्हणाले.

बायको फोटो निरखत राहिली. "ह्यात चांगले दिसताय."

"तो मी नाही."

"तेच म्हणतेय."

मास्तर पुतळा उचलायला गेले. मघाशी काखेत मारून आणलेला तो पुतळा आता हलेना. बिनहातांच्या त्या पुतळ्यावर कोटाच्या बाह्या इतका वेळ लोंबत होत्या. आता एक बाही टेबलावर होती, कपाच्या अगदी शेजारी. तिच्यात काहीतरी भरलेलं होतं.

त्यांनी कोटाला हिसका दिला. पलीकडून कुणीतरी तो शांतपणे परत ओढून घेतला.

"माझा आहे तो," मास्तर म्हणाले. कुणाला म्हणाले, ते त्यांनाही कळलं नाही.

"अंगावर काय जाताय?" बायको फटकन म्हणाली. असा आवाज ती दारावर नको ते विकायला आलेल्यांसाठी राखून ठेवत असे. मग ती समोरच्या खुर्चीत बसली, किटली उचलली आणि पुतळ्याकडे वळून अगदी वेगळ्या सुरात म्हणाली, "हं. मग? पुढे काय झालं?"

खुर्चीतून काही ऐकू आलं नाही.

बायको ऐकत होती.

मास्तर मागे सरले. सरता सरता पाठ कॅमेऱ्याला लागली, तसे ते सवयीनं त्याच्यामागे जाऊन उभे राहिले. ओरडायला हवं होतं. दिवा लाथाडायला हवा होता. पण चौकटीत चहाची धार कपात उतरत होती, वाफेवर ऊन चढलं होतं, आणि बायकोच्या चेहऱ्यावर असं हसू फुटत होतं, जे मास्तरांनी संसारात एकदाही पाहिलं नव्हतं. कुठला क्षण सोडायचा नसतो, हे त्यांच्या बोटाला डोक्याआधी कळे.

बोटानं बटण दाबलं.

फोटो उत्कृष्ट आला. बायकोनं तो तसाच लेकीला पाठवला. लगेच फोन वाजला.

"आई, कसला सुंदर आलाय! बाबा किती मोकळे हसतायत गं. असं कधी पाहिलंच नव्हतं मी त्यांना. बस, हाच लावते."

"अगं, मी इथे आहे!" मास्तर ओरडले.

"कोण आहे गं तिकडे?"

"फोटो काढायला आलेत ते."

"हो का? चहा विचार त्यांना."

"कप दोनच आहेत," बायको म्हणाली.

फोन ठेवून तिनं आपली खुर्ची टेबलाला वळसा घालून दुसऱ्या खुर्चीलगत नेली. कोटाची कॉलर नीट केली. चष्म्यामागे काहीतरी हललं आणि मास्तरांवर येऊन स्थिरावलं. त्या नजरेत ओळख होती, आणि आपुलकीचा लवलेश नव्हता.

मग बायकोनंही मान वळवली. परक्या माणसाशी बोलावं तशी ती अदबीनं हसली.

"भाऊ, जाताना दार तेवढं ओढून घ्या हं. ह्यांना वारा सोसत नाही."