ठिणगी कुठे अडली?

डोमामामाच्या पाठीत तिसरी काठी बसली, तेव्हा गुंजन जीपच्या बोनेटखाली डोकं खुपसून होती.

"प्लगपाशी ठिणगीच नाही. प्रविण, पुन्हा मार सेल्फ," तिने जीपमध्ये बसलेल्या मित्राला सांगितलं.

दिवाळीची मंडई म्हणजे गावची जत्राच: पाळणे, जिलेबी आणि नाटक. यंदा नाटकाआधीच मारामारी सुरू झाली होती. भैय्याजींची जुनी पेट्रोल जीप मामाने काल दुरुस्त केली आणि आज ती सुरू होईना. "यानंच सामान चोरलं," म्हणत भैय्याजींनी काठी उचलली. त्यांचे भाऊ धावले, मामाचे मित्र धावले. जिलेबीवाला कोणाच्याच बाजूने नव्हता, त्यामुळे तो झाऱ्याने सगळ्यांना सारखंच हाणत होता. पाकात एक दात सापडला, आणि तो आपला नाही असं तिघे जण रक्ताळल्या तोंडाने सांगत होते.

"याचा हातच मोडतो," भैय्याजी गरजले. "जन्मात पाना धरला नाही पाहिजे." दोघांनी मामाचा उजवा हात बैलगाडीच्या जुवावर दाबून धरला.

गुंजनला इंजिन शिकवलं होतं ते याच हाताने. तिने डिस्ट्रिब्युटरच्या झाकणातली, ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलकडून येणारी तार उपसली, मामाच्या पेटीतल्या लाकडी चिमट्यात धरली आणि टोक इंजिनजवळ नेलं. प्रविणने सेल्फ मारला. चट्. निळी ठिणगी उडाली.

"कॉइल ठीक हाय. ठिणगी मधातच अडून राहिली."

तिने झाकण उघडलं. आत फिरून प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा रोटर जागेवरच नव्हता.

"म्हणजे मामानं चोरलाच ना?" प्रविणने विचारलं.

"चोर नवीकोरी बॅटरी सोडून हा बोटभर तुकडा नेईन? अन् वरून झाकणाच्या क्लिपा लावून जाईन? जीप चोरीले जाऊ नये म्हणून कोणीतरी काढला."

भैय्याजींची नात दामिनी पांढरीफटक पडली. "आबा! गर्दी असली का आबा जीपचा जीव काढते. करदोड्याले बांधते."

काठी वर गेली होती. गुंजन गर्दीत घुसली. एक कोपर कानावर, एक झारा खांद्यावर घेत ती भैय्याजींपर्यंत पोचली आणि सगळ्या मंडईदेखत तिने त्यांचा सदरा वर केला.

करदोड्याला रोटर लोंबत होता.

"तू इथं काहून?" भैय्याजींनी रोटरलाच विचारलं. काठी खाली आली, पण हळू.

रोटर बसवताच जीप पेटली. फुटलेली डोकी एकमेकांच्या मांडीवर बसवून मामा लाखनीच्या दवाखान्याकडे निघाला. त्याचा एक डोळा सुजून बंद होता.

भैय्याजी मागून पुढे वाकले. म्हणाले, "डोमा, चुकलं माहं. पोरगी लय हुशार हाय. मामावर गेली."

जीप रस्त्याच्या कडेला थांबली. मामा बाहीने उघडा डोळा पुसत होता.

"आता काय बिघडलं?" मागून कोणीतरी कण्हलं.

"काई नाही," गुंजन म्हणाली. "जरा थांबा. ड्रायव्हरले दिसून नाही राहिलं."