एका पेशंटमागे एकच

फोन बाजूला ठेवा, मग सांगतो. सुधींद्र माझ्या बँकेतला, थाप मारायची अक्कलच नसलेला माणूस. आपल्यासारखाच तंजावरकडचा, घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ.

गेल्या वर्षीच्या आडी अमावास्येची, पितरांच्या दिवसाची रात्र. चेन्नईत एग्मोरच्या एका हॉस्पिटलात त्याची बायको श्रीविद्या व्हेंटिलेटरवर होती. घरात दोघंच, त्यामुळे सगळी धावपळ त्याची. सकाळी पितरांचं तर्पणही राहून गेलं होतं. मध्यरात्रीनंतर सिस्टरनं सांगितलेली इंजेक्शनं त्यानं तळमजल्यावरून आणली, खिडकीतून आत दिली आणि बाकावर टेकला. आयसीयूचा नियम कडक. एका पेशंटमागे एकच माणूस, एकच कार्ड. एकामागे एक दोन दारं, ते लावल्याशिवाय एकही उघडत नाही.

शेजारी एक नऊवारीतली म्हातारी येऊन बसली. बोटं हळदीनं पिवळी.

"कण्णा, बाळा, माझं कार्ड हरवलं," ती म्हणाली. "तुझं देतोस कां? सुनेस बघून येतें."

चेन्नईत परक्या तोंडून आपली घरची मराठी ऐकली की आपण विरघळतो. मीही विरघळलो असतो. त्यानं काही न विचारता कार्ड दिलं. ती आत गेल्यावर त्याच्या मनात आलं, आपण तर तोंडही उघडलं नव्हतं. मग हिला कसं कळलं, आपण मराठी आहोत ते?

तेवढ्यात स्पीकरवरून पुकारा झाला. श्रीविद्याच्या माणसानं ताबडतोब आत यावं. वॉचमननं बाहेरचं दार उघडून त्याला आत घेतलं. ते मागे लागलं. पुढचं लागलेलंच होतं. मधे जेमतेम दोन माणसं मावतील एवढी जागा. कार्ड नाही. मागे जाता येईना, पुढेही. त्यानं पुढच्या दाराची काच बडवली, हाका मारल्या. कुणी वळून पाहिलं नाही.

काचेतून श्रीविद्याची खाट दिसत होती. डॉक्टर तिच्या छातीवर दाब देत होते. आणि पायथ्याशी ती म्हातारी... श्रीविद्याच्या डाव्या पायाला हळद लावत होती. सावकाश. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

सवाष्ण शेवटची निघते तेव्हा तिच्या पायांना हळद लावतात. सुधींद्रनं आपल्या आईच्या वेळी पाहिलं होतं.

डावा पाय झाला. तिनं उजव्याकडे हात नेला...

त्याला देवाचं नावही सुचेना. तोंडून निघाला तो तिथला नियम.

"आजी, एका पेशंटमागे एकच माणूस. आता मी आलोय. तुम्ही बाहेर या."

हात थांबला.

ती उठली. त्याच्याकडे बघत दारापाशी आली. काचेला अगदी नाक लावून उभी राहिली. मग...

दार उघडलं नाही. पण काचेपलीकडे ती नव्हती. हळदीचा वास आता अलीकडे होता. त्याच्या मानेपाशी.

त्यानं डोळे मिटले. मागे वळला नाही. किती वेळ, त्यालाही सांगता येत नाही...

सिस्टरनं आतून दार उघडलं तेव्हा तो एकटाच होता. श्रीविद्याचं हृदय थांबलं होतं, ती म्हणाली, आत्ता परत चालू झालंय. कार्ड काही सापडलं नाही. सापडावं असं त्याला वाटतही नाही.

श्रीविद्या आता ठणठणीत आहे. परवा गेलो तर तिनंच कॉफी आणून दिली. परत जायला वळली तेव्हा माझी नजर खाली गेली. वर्ष झालं, काय काय लावून धुतलं म्हणतात. डावा पाय अजून घोट्यापर्यंत पिवळा आहे.