नळीतला स्क्रू

ऐकायचं तर गप्प ऐका. हा गाड्यांचा मिस्त्री माझ्याबरोबर वीस वर्षं राबलेला माणूस. शपथेवर सांगितलंय त्याने मला.

सोळा नोव्हेंबर, गुरुवार, रात्रीचे पावणेअकरा. मिस्त्री एका मास्तरांच्या घरी गेला. तीन आठवड्यांपूर्वी उतारावर मास्तरांच्या जुन्या गाडीचा ब्रेक लागला नव्हता. गाडी भिंतीवर आदळली, मास्तर जागीच गेले. सकाळी विम्याचा माणूस गाडी तपासायला येणार होता. मिस्त्रीने मास्तरांच्या बायकोला, काकूंना सांगितलं, माझा पाना गाडीत राहिलाय.

काकूंनी किल्ली काढून दिली. "तुम्हाला काय विचारायचं? ह्यांचा तुमच्यावर फार विश्वास होता."

मिस्त्रीला मान वर करवेना. कारण पाना नव्हताच. होता तो स्क्रू. कार्ब्युरेटरखालून ब्रेककडे जाणारी व्हॅक्यूमची नळी चिरली होती. तिच्यातून इंजिन हवा ओढतं, म्हणून ब्रेक हलक्या पायाने लागतो. चिरेमुळे गाडी उभ्या जागी गचके खायची. नवी नळी मिळेना, मास्तरांना घाई. याने इंजिनाकडचं नळीचं टोक कापलं, त्यात स्क्रू ठोकून क्लिप आवळली. इंजिन लोण्यासारखं चालू लागलं. आता ब्रेक जड लागेल, एवढंच तो बोलला नाही. काम अर्धवट दिलं म्हणायची लाज वाटली त्याला.

मास्तरांच्या गॅरेजमध्ये शिरून त्याने चेपलेलं बॉनेट उचकटलं. क्लिप सैल केली, स्क्रू ओढून खिशात टाकला.

स्स्स...

इंजिन बंद. बॅटरी तर काढूनच नेलेली. तरी नळी हवा ओढत होती. सवयीने त्याने नळीच्या तोंडावर अंगठा दाबला.

अंगठा आत ओढला गेला.

सुटेना.

ओढ थांबायची... पुन्हा लागायची. दमलेल्या माणसाने श्वास घ्यावा तशी.

"सर..."

ओढ वाढली.

"सर, चूक माझी. नळी मी बुजवली. तुम्हाला सांगितलं नाही."

...

अंगठा सुटला. मागे उजेड पडला. दारात काकू टॉर्च घेऊन उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

त्यांनी टॉर्च उघड्या नळीवर धरला. मग म्हणाल्या, "सकाळी विम्याच्या माणसालाही हेच सांगा."

त्याने सांगितलं. पुढे धंदा बसला, तो त्याने बसू दिला.

अंगठ्यावर नळीच्या तोंडाएवढा गोल, काळानिळा वळ उठला होता. डॉक्टर म्हणाले, आठवड्यात जाईल. सतरा वर्षं झाली. परवा मी त्याचा हात हातात घेऊन पाहिला.

वळ ताजा होता.